गड चढण्याआधी गुडघ्याखालचा बिंदू दाबला तर खरंच वेग वाढतो का?

टेकडीवाली

मंडळी, गेली चार वर्षं दर रविवारी सिंहगड चढते. आतकरवाडीतून निघायचं आणि पुणे दरवाजात घड्याळ थांबवायचं. वय ४७. माझी वेळ ५६ ते ५८ मिनिटं, चिखल असला की तासावर. वर्षभर जंग जंग पछाडलं, पण ५५ च्या खाली काही उतरता आलं नाही.

तीन रविवारांपूर्वी आमच्या गटातल्या एका काकांनी (साठी कधीच उलटली आहे, चढतात माझ्यापेक्षा जोरात) मला पायथ्याच्या टपरीवरच्या बाकावर बसवलं. म्हणाले, पाय सोड. गुडघ्याच्या वाटीखाली माझीच चार बोटं आडवी ठेवायला लावली, तिथून नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेरच्या बाजूला अंगठा रोवला आणि दोन मिनिटं दाबून धरला. मग दुसरा पाय. आधी काहीच वाटलं नाही. नंतर एक बोथट कळ घोट्यापर्यंत हळूहळू उतरत गेली. ठणका नाही, मुंग्या नाहीत, नुसता जडपणा. अंगठा काढल्यावर पाय हलका झाला.

त्या दिवशी ५३ मिनिटं ४० सेकंद! पुढच्या रविवारी ५४.१०, काल ५३.५५.

मला मनापासून जाणून घ्यायचंय. हा ॲक्युप्रेशरचा गुण की योगायोग? तुमच्यापैकी कोणी धावण्याआधी, जिमला जाण्याआधी असं काही करतं का? सप्टेंबरात साताऱ्याची हिल मॅरेथॉन धरायचा विचार आहे, म्हणून जास्तच उत्सुकता.

भाकरी_पिठलं

वेग वाढवणारा बिंदू गडावर आहे. कांदाभजीचा वास जिथे पहिल्यांदा येतो, तिथे माझे पाय आपोआप पळायला लागतात.

मुलुंडची_माया

वेगाचं माहीत नाही, पण मळमळीसाठी मी मनगटाचा बिंदू गेली पाच वर्षं वापरतेय. तळहाताच्या बाजूने मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधे. मला लहानपणापासून गाडी लागते. कशेडी घाटात आई तिथेच अंगठा दाबून बसायची आणि हातात आवळासुपारी द्यायची. तिला हे कोणी शिकवलं, देव जाणे.

मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडची चढण संपली की मला दर वेळी ढवळायला लागायचं. आता बटण शिवलेला इलॅस्टिकचा पट्टा दोन्ही मनगटांवर घालते. वेळ बदलली नाही, पण ढवळणं बरंच कमी झालं.

सह्यवेडा

टेकडीवाली, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हे सगळं मनाचे खेळ आहेत. दोन मिनिटं नडगी दाबून हृदयाची रक्त फेकायची ताकद वाढत नाही, फुप्फुसं मोठी होत नाहीत, स्नायूंना जास्त प्राणवायू मिळत नाही. चढणीचा वेग यावरच ठरतो. जुलैच्या चिखलातली वेळ आणि आत्ताच्या कोरड्या वाटेवरची वेळ यांची तुलना होत नसेल ना तुमची?

ओसाकाकर

तुमच्या काकांनी दाबलेल्या जागेला चिनी भाषेत झुसानली म्हणतात आणि इथे जपानात आशी-सान्री. आशी म्हणजे पाय, सान म्हणजे तीन आणि री हे अंतर मोजायचं जुनं माप. चिनीत त्यालाच ली म्हणतात, चिनी ली साधारण अर्ध्या किलोमीटरचा. पाय गळून गेले तरी हा बिंदू दाबला की माणूस आणखी तीन ली चालतो, अशी या नावामागची लोकांच्या तोंडची गोष्ट आहे. नावाचा उगम खरंच हाच का यावर इथले जाणकार वाद घालतात, पण गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते.

बाशो हा हायकूकार १६८९ मध्ये उत्तर जपानच्या लांबलचक पायी प्रवासाला निघाला. निघण्याआधी त्याने तीन तयाऱ्या केल्या: फाटकी विजार सांधली, टोपीचा बंद बदलला आणि याच सान्रीवर मोक्साचे चटके घेतले. मोक्सा म्हणजे वाळवलेल्या दवण्यासारख्या एका वनस्पतीचा लवदार कापूस, तो कातडीवर ठेवून पेटवतात. आजही इथल्या औषधांच्या दुकानात चिकटवायचे मोक्साचे तुकडे मिळतात. माझ्या शेजारच्या आजी डोंगरावर जायच्या आदल्या रात्री लावतात.

याने काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. पण आतकरवाडीच्या बाकावर बसून तुम्ही जे केलंत ते पायी निघणारी माणसं फार जुन्या काळापासून करत आली आहेत, हे मला फार आवडलं.

टेकडीवाली

ओसाकाकर, अंगावर काटा आला! काकांना उद्याच सांगते.

सह्यवेडा, राग कसला. पण तिन्ही रविवार कोरडेच होते आणि त्याआधीचे दोनही कोरडेच. त्या दोघांची वेळ ५६.२० आणि ५७.

स्नायूदुरुस्ती

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धावपटू आणि कबड्डीपटू रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जागा समजून घेऊ. बाकावर बसून तिथे बोट ठेवा आणि टाच न हलवता पाऊल वर उचला. बोटाखाली एक स्नायू टचकन फुगेल. चढताना पाऊल उचलून धरतो तो हाच. त्याच्या खालून पावलाकडे जाणारी नस जाते. त्यामुळे घोट्यापर्यंत उतरणारी ती बोथट कळ अगदी खरी आहे, ती कल्पना नाही.

पण कळ खरी असणं आणि वेग वाढणं, या दोन वेगळ्या गोष्टी. ॲक्युप्रेशर आणि व्यायामाची क्षमता यावर जे प्रयोग झालेत ते बहुतेक छोटे आहेत, आणि त्यांची मुख्य अडचण अशी की खोटा दाब देणं फार कठीण. गोळीच्या प्रयोगात साखरेची गोळी देता येते. दाबाच्या प्रयोगात तुम्ही दुसरीकडे दाबलंत तरी माणसाला दाब कळतोच, बरं वाटतंच. सुयांवरचा, म्हणजे ॲक्युपंक्चरचा एक नेटका प्रयोग जर्मनीत झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ३३ हौशी खेळाडू. खऱ्या सुयांनंतर मांडीच्या पुढच्या स्नायूंचा जोर खोट्यापेक्षा वाढलेला दिसला, उडीत मात्र फरक पडला नाही. त्यावरून गड लवकर चढता येईल असा निष्कर्ष मी काढणार नाही.

सगळ्यात भक्कम पुरावा मायाताईंनी सांगितलेल्या मनगटाच्या बिंदूचा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर तो उपयोगी पडतो का, याचा कॉक्रेनचा (ही संस्था अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासते) २०१५ चा आढावा ५९ चाचण्या आणि साडेसात हजारांवर रुग्णांचा आहे, आणि मळमळ व उलट्या कमी होतात असं त्यात दिसलं. भुलीनंतरची मळमळ आणि पळतानाची मळमळ यांची कारणं मात्र वेगळी. पळताना रक्त आतड्यांकडून पायांकडे वळतं, त्यात ताकदीसाठी वाटेत घेतलेलं गोड जेल पोटात साचतं. म्हणून पट्टा घाला, पण जेलसोबत पाणीही प्या.

आणि सह्यवेडा, "मनाचे खेळ" म्हणून विषय संपत नाही. २००६ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा कसलेले सायकलपटू, दहा किलोमीटरची शर्यत. त्यांना सांगितलं की कधी कॅफिन नाही, कधी मध्यम कॅफिन, कधी भरपूर कॅफिन देतोय. प्रत्यक्षात तिन्ही वेळा कॅफिन नव्हतंच. भरपूर मिळालंय असं वाटलं तेव्हा त्यांचा जोर ३.१ टक्के वाढला, मध्यम वाटलं तेव्हा १.३ टक्के. आणि काही दिलं नाही असं वाटलं तेव्हा नेहमीपेक्षाही १.४ टक्के घटला. पाय तेच होते. किती त्रास सोसायचा हे मेंदू ठरवतो, आणि तो ठरवताना विश्वास मोजतो.

सह्यवेडा

प्रतिसाद आवडला. तो १.४ टक्क्यांच्या घटीचा मुद्दा माझ्यासाठी नवीन आहे. म्हणजे बिंदू दाबायची सवय लागल्यावर एखाद्या दिवशी काका आलेच नाहीत, तर उलट वेळ वाढेल?

स्नायूदुरुस्ती

वाढू शकते. म्हणूनच मी खेळाडूंना सांगते, शर्यतीआधी जे करायचं ते स्वतःच्या हाताने करता येईल असंच ठेवा.

लाल_मातीतला

कोल्हापूरकडचा हाय. आठ वर्षं तालमीत काढली, म्हणून सांगतो. आमच्याकडं मेहनत झाल्यावर मालीश ठरलेली. पहाटे जोर-बैठका, मग मातीत लढत, आणि घाम जिरला की थोरली पोरं धाकट्यांना आडवी पाडून तेल चोळणार. नुसतं चोळणं नव्हं, कोपराखाली, खांद्याच्या मुळाशी, पोटरीच्या मधोमध अंगठा घालून दाबणं. पाठीवर चढून पायानं तुडवणंबी. दुसऱ्या दिवशी अंग असं मोकळं की इचारू नका.

पण वस्तादांचा एक दंडक होता. फडावर उतरायच्या आधी खोल मालीश नाही म्हणजे नाही. "अंग ढिलं पडतंय, पकड सुटती," म्हणायचे. एकदा मी जत्रंतल्या कुस्तीआधी पावण्याकडनं गुपचूप पाय दाबून घेतले. मैदानात पट काढायला गेलो आणि पाय जणू माझे नव्हतेच. दीड मिनिटात पाठ टेकली. वस्ताद काही बोलले नाहीत. घरी येताना एस्टीत माझ्या शेजारी बसले, एवढंच.

म्हणून ताईंना माझं सांगणं, चढायच्या आधी हलका दाब ठीक. जोर लावायचा तो उतरून आल्यावर.

स्नायूदुरुस्ती

लाल_मातीतला, वस्तादांना नमस्कार सांगा. पुस्तकंही हेच सांगतात. जोराच्या खेळाआधी खोल आणि लांबलचक मालीश केल्याने ताकद वाढत नाही, कधी कधी कमीच होते. नंतर केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची अंगदुखी थोडी कमी जाणवते.

गुळवेल

आयुर्वेदाच्या अंगाने थोडं. सुश्रुताच्या शारीरस्थानात १०७ मर्मं, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागा, सांगितली आहेत. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधलं क्षिप्र, तळव्याच्या मध्यातलं तलहृदय, पोटरीच्या मध्यातलं इंद्रबस्ती. चिनी पद्धतीचे काही ठळक बिंदू याच जागांच्या आसपास येतात, म्हणून आजकाल सर्रास "मर्म म्हणजेच ॲक्युप्रेशर" असं म्हटलं जातं.

हे मला पटत नाही. सुश्रुत शल्यचिकित्सक होता. त्याने मर्मं सांगितली ती कुठे घाव बसला तर काय होतं हे सांगण्यासाठी. क्षिप्राला वेध झाला तर आक्षेपक, म्हणजे झटके, येऊन मृत्यू, इंद्रबस्तीला झाला तर रक्तक्षयाने. म्हणजे जपायच्या जागांची ही यादी. दाबून बळ वाढवा असं तिथे नाही. मर्मांना धरून चोळण्याची परंपरा केरळात कळरीपयट्टू या युद्धकलेच्या गुरुक्कलांनी, म्हणजे गुरूंनी, जोपासली, आणि तिचा मान तिथेच आहे.

आपल्या घरातला पादाभ्यंग मात्र जरूर करा. काशाची वाटी, तूप, झोपण्याआधी दहा मिनिटं तळपाय. शांत झोप लागली तर दुसऱ्या दिवशीची चढण सोपी जाते. दाबाचा याहून मोठा फायदा मला माझ्या रुग्णांत दिसलेला नाही.

भाकरी_पिठलं

गुळवेल, काशाच्या वाटीला +१. आजीची वाटी अजून आहे, मधे झिजून पातळ झालीय. तळवा काळा झाला की आजी म्हणायची, "बघ, उष्णता निघाली."

गुळवेल

तो काळेपणा तूप, घाम आणि काशाचा. उष्णता निघते म्हणून नव्हे, पण झोप लागते हे आजीचं खरं.

निळी_शाई

वाचतेय सगळं. एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे.

माझ्या बाबांना वीस वर्षं मधुमेह. चालायला जायचे, त्याचा त्यांना फार अभिमान. एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून त्यांनी टोकदार रबरी काट्यांची ॲक्युप्रेशरची चप्पल आणली. विकणाऱ्याने सांगितलं, रोज अर्धा तास घाला, साखर उतरेल, पायात ताकद येईल. पहिल्या दिवशी टोचलं नाही म्हणून बाबा खूश झाले, म्हणाले, माझे पाय तयारच आहेत! ती तयारी नव्हती. त्यांचे तळवे बधिर झाले होते.

बाराव्या दिवशी आईला फरशीवर ओले डाग दिसले. करंगळीच्या मुळाशी रुपयाएवढा फोड फुटला होता, आणि बाबांना पत्ता नव्हता. पुढे अकरा आठवडे ड्रेसिंग. पाय वाचला, पण ते सकाळचं चालणं जे सुटलं ते सुटलंच.

कोणाच्या घरी मधुमेही माणूस असेल तर कृपा करून ती चप्पल, ती काट्यांची चटई, ते लाकडी रोलर हातात देऊ नका.

स्नायूदुरुस्ती

निळी_शाई, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. बाबांना माझा नमस्कार.

यात भर घालते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर जोराचा दाब नको. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखली तर तिला हातही लावू नका. ती रक्ताची गुठळी असू शकते, सरळ डॉक्टरकडे जा. गरोदरपणात अंगठा आणि तर्जनीच्या मधला आणि आतल्या घोट्यावरचा बिंदू दाबू नये असं परंपराच सांगते, ते पाळा.

टोचणाऱ्या पृष्ठभागावर चालण्याबद्दल एक बरा प्रयोगही आहे, तो लपवणार नाही. अमेरिकेत ओरेगनमध्ये साठीपुढच्या १०८ माणसांना १६ आठवडे बसवलेल्या गोट्यांच्या चटईवर किंवा साध्या जमिनीवर चालवलं. २००५ मध्ये निकाल आला. गोट्यांवर चालणाऱ्यांचा तोल जास्त सुधारला, रक्तदाबही थोडा उतरला. पण तो गोल गोट्यांवरचा, देखरेखीखालचा व्यायाम होता. बधिर पायांना टोकदार चपलेत कोंबणं वेगळं.

पाय_मोकळे

अवांतर: पायात गोळा येतो तेव्हा कुठला बिंदू दाबायचा? मला कळसूबाईच्या शिड्यांवर दर वेळी येतो.

लाल_मातीतला

वांब आला की पोटरीच्या मधोमध जिथं दोन फाका मिळतात, तिथं दाबायचं आणि पावलाचा पंजा अंगाकडं ओढायचा.

स्नायूदुरुस्ती

यातलं पंजा ओढणं हे खरं औषध. स्नायू ताणला की त्याच्या टोकाशी असलेले ताण मोजणारे तंतू मज्जारज्जूला कळवतात आणि आकडी सुटते. आणखी एक, लोणच्याचा खार दोन घोट. २०१० च्या एका प्रयोगात खारट-आंबट पाणी प्यायल्यावर साध्या पाण्यापेक्षा गोळा लवकर सुटला, तेही क्षार रक्तात पोचायच्या आत. म्हणजे घशातूनच कुठलातरी संदेश जातो.

पाय_मोकळे

सॅकमध्ये कैरीच्या लोणच्याचा खार. आईला सांगतो, तिला पटेल.

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येऊ. टेकडीवाली, तीन रविवारांवरून काहीच ठरत नाही. आणि तुम्हाला बिंदू माहीत असल्याने तुमच्यावर निर्मळ प्रयोग होणार नाही. पण तुमच्या गटात नवीन मंडळी येत असतील ना? त्यांना सांगा की काका पायाला दाब देतात. कुठे, ते सांगू नका. चिठ्ठी काढा. एका चिठ्ठीत खरी जागा, दुसरीत मांडीच्या बाहेरच्या बाजूची कुठलीतरी, तिसरीत नुसतं बाकावर चार मिनिटं शांत बसणं. ही तिसरी चिठ्ठी विसरू नका, मला तिचाच संशय आहे.

टेकडीवाली

मान्य! काकांना विचारलं, ते तयार आहेत. म्हणाले, "माझा हात खोटा ठरला तर ठरू दे, आपल्याला कळेल तरी."

टेकडीवाली (नऊ आठवड्यांनंतर)

धागा वर आणतेय. प्रयोग झाला. आठ रविवार, त्यातला एक धो धो पावसाने फुकट गेला. नवीन पाच जण आणि मी.

आधी माझं. खऱ्या बिंदूच्या दिवशी सरासरी ५३ मिनिटं ५० सेकंद, मांडीच्या जागेला ५४.०५, नुसतं बसून ५४.२०. म्हणजे काहीच फरक नाही. आणि गाडी लावून तडक निघाले त्या रविवारी ५६.४०! नवीन पाचांत खऱ्या बिंदूने तिघे थोडे लवकर पोचले, दोघे थोडे उशिरा. बाकावर न बसता निघालेले मात्र पाचही जण मागे पडले.

मग घड्याळातली नोंद उघडून बसले आणि ट्यूब पेटली. तडक निघते तेव्हा पहिल्या ताकवाल्या मावशींपर्यंत मी जवळजवळ पळतच जाते. नाडी १७० च्या वर, आणि पुढे अर्धी वाट धापा. बाकावर बसून निघाले की नाडी आधी खाली आलेली असते, तोच टप्पा दीड मिनिट हळू होतो आणि शेवटच्या पायऱ्यांना पाय शिल्लक राहतात.

काकांना वहीतले आकडे दाखवले. चष्मा लावून दोनदा वाचले. म्हणाले, "मग मी इतकी वर्षं लोकांना बसवत होतो म्हणायचं." आणि लगेच, "बसव की मग. पण पाय दाबायला कोणी असलं तरच माणूस चार मिनिटं बसतो." त्यांचं हे म्हणणं मी तपासलंय. काका नव्हते त्या रविवारी सहापैकी एकही जण बाकावर टेकला नाही.

सह्यवेडा

मनःपूर्वक अभिनंदन. असा धागा पूर्णत्वाला गेलेला क्वचित पाहिला. काकांना माझा साष्टांग.

ओसाकाकर

शेजारच्या आजींना ही गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, मोक्सा विझेपर्यंत हलता येत नाही, हेच तर त्यातलं.

टेकडीवाली

साताऱ्याचं नाव नोंदवलं आहे. आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तेवढाच उतरायचा. चढण जमेल, उताराची धास्ती आहे. त्यासाठी काही बिंदू आहे का, असं आता विचारणार नाही. काय करू ते सांगा.

स्नायूदुरुस्ती

उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात, म्हणून ते जास्त फाटतात आणि दोन दिवस जिना उतरवत नाही. पण एकदा असा उतार त्यांना दाखवला की पुढे काही आठवडे ते बरेच कमी दुखतात. शर्यतीच्या तीन आठवडे आधी एकदा, मग दहा दिवस आधी पुन्हा एकदा. लहान पावलं, गुडघे किंचित वाकलेले. तुम्ही गडावरून खाली जीपने येता ना? आता पायी उतरा.